उरलेलं पाणी

१

रफिक काचवाल्याच्या दुकानातून जिवंत मासे बाहेर जात आणि त्यांतले काही मेल्यावर परत येत. कुणी वर्तमानपत्रात गुंडाळून आणी, कुणी मुरंब्याच्या बरणीत. एका वकिलाच्या बायकोनं तर स्टीलच्या डब्यात, वर झाकण लावून आणला होता. रफिकचे वडील तसबिरींना काचा बसवत. रफिकनं त्याच काचांना लोखंडी अँगलची चौकट लावून आणि फटींत लांबी भरून माशांच्या टाक्या करायला घेतल्या, तेव्हा गल्लीनं त्याला वेड्यात काढलं. लोक दारातून डोकावून पापलेट कसं दिलं म्हणून विचारत. पण सन सत्तर ओलांडलं, दवाखान्यांत आणि नव्या बंगल्यांच्या दिवाणखान्यांत टाक्या आल्या, आणि रफिकची चूल नीट पेटायला लागली.

मासा का मेला हे सांगण्यात त्याचा हात धरणारा कोल्हापुरात दुसरा नव्हता. त्या जानेवारीत जयसिंगपूरचा केरबा नावाचा तंबाखूचा व्यापारी असाच एक मेलेला गोल्डफिश घेऊन आला आणि दारातच ओरडायला लागला.

"आजारी माल दिलासा काय मला?"

"बसा की पावणं. पाणी कुठलं घातलंसा?"

"नळाचंच. थंडी हाय म्हणून बंबात जरा कोमट केलं. मुक्या जिवाला गार लागतंय न्हवं?"

"बंब तांब्याचा?"

"मग काय सोन्याचा?"

"तांब्यानं मेला," रफिक म्हणाला. "माणसाला तांबं मानवतंय, माश्याला न्हाय."

कधी नळाच्या पाण्यातलं औषध, कधी मलेरियावाल्यांची फवारणी, कधी लाडानं टाकलेला चपातीचा तुकडा. कारण सापडलं नाही असं कधी झालंच नव्हतं. "मासा उगाच मरत न्हाय पावणं, मारणारं घरातच असतंय," असं तो प्रत्येकाला हसत सांगे. केरबा खजील होऊन दुसरा मासा घेऊन गेला.

२

त्याच्या स्वतःच्या घरात मात्र दिवाळीपासून हसण्यासारखं काही उरलं नव्हतं. सात वर्षांची एकुलती सलिमा अंथरुणाला खिळली होती. टायफॉइड म्हणून औषधं झाली, मलेरिया म्हणून झाली, छातीचा फोटो काढला तो स्वच्छ निघाला. रोज दुपारनंतर ताप चढे आणि पोर उजव्या कुशीवर वळून, गुडघे पोटाशी घेऊन, उजवा हात गालाखाली ठेवून पडून राही. डॉक्टर शेवटी म्हणाले की अंगात ताकद यायला हवी. काही सुचेनासं झालं की डॉक्टर ताकदीवर येतात, हे रफिकला ठाऊक होतं. सलिमाआधीची दोन लेकरं त्यानं मातीआड केली होती. तिसरं करायची ताकद ना त्याच्यात होती, ना त्याच्या बायकोत, नजीरात.

पोरीचं मन रमावं म्हणून त्यानं तिच्या खाटेशेजारच्या कोनाड्यात एक लहान टाकी बसवली. आत एकच गोल्डफिश, शेपटीला काळा ठिपका असलेला. सलिमानं त्याचं नाव ठेवलं चमन. त्याच सुमारास रफिकची आई सुलतानबी हिनं आपला उपाय सुरू केला. रोज सकाळी ती गडूभर पाणी घेऊन मौलवीसाहेबांकडे जाई, ते कुराणातली आयत म्हणून पाण्यावर फुंकर घालत आणि दुपारी सलिमा त्यातले तीन घोट पिई. रफिकचा त्यावर विश्वास नव्हता. पण आईला अडवण्याइतका तो शहाणाही नव्हता, आणि गंमत म्हणजे पोरीचा ताप रोज थोडा थोडा उतरत होता.

अकराव्या दिवशी सकाळी सलिमा उठून बसली आणि तिनं चहात कडक बटर बुडवून खाल्लं. नजीरा तर तोंडाला पदर लावून रडायलाच लागली. त्याच सकाळी चमन मेला.

रफिकनं सवयीनं टाकीपुढं गुडघे टेकले. मेलेला मासा पाण्यावर तरंगतो, पोट वर करून. हा तळाला होता. रेतीवर उजव्या अंगानं आडवा झालेला, शेपूट आत ओढलेली, पोहण्याचा उजवा पर डोक्याखाली दबलेला. रफिकनं त्याला काढायला हात आत घातला आणि झटकन बाहेर घेतला.

पाणी कोमट होतं. जानेवारीची सकाळ, बाहेर लोक शेकोट्या करून बसलेले, कोनाड्यावर उन्हाची तिरीपसुद्धा येत नव्हती, आणि पाणी तापलेल्या कपाळासारखं लागत होतं.

३

कुणीतरी बंबातलं पाणी ओतलं, हे तर उघड होतं. प्रश्न एवढाच की कुणी. त्याच्याशिवाय घरात माणसं तीन. सलिमा खाटेवरून उतरत नव्हती. त्याची अम्मा माशाकडं बघतही नसे, नमाज आणि नात यांपलीकडं तिला जग नव्हतं. उरली नजीरा. टाकी आणली त्या दिवशीच ती म्हणाली होती, आजारी लेकराच्या उशाला ही मुकी जनावरं कशाला.

"तू पाणी वतलंस?" त्यानं चुलीपाशी जाऊन विचारलं.

"कसलं पाणी?"

"टाकीत. ऊन पाणी."

"मला दुसरं काम न्हाय व्हय? रातसारी पोरीच्या उशाला बसू, का तुमचं मासं शिजवत बसू?"

ती एवढ्या जोरात बोलली की त्याला जास्तच संशय आला. खरं माणूस एवढं चिडत नाही असं त्याला वाटलं. आता आपल्यालाच कुणी असं विचारलं असतं तर आपण काय केलं असतं, हे त्याच्या डोक्यात आलं नाही. चार दिवस दोघं बोलली नाहीत. मासा मेल्याच्या दुसऱ्या दिवसापासून सलिमाला पुन्हा कणकण सुरू झाली होती. ती टाकीकडं बघून रडे म्हणून त्यानं दुसरा मासा आणला, आणि बंबाच्या तोटीवर खडूची बारीक रेघ मारून ठेवली, कुणी फिरवली तर कळावं म्हणून. असला उद्योग त्यानं आयुष्यात केला नव्हता.

सलिमा पुन्हा सावरू लागली. सहाव्या दिवशी मासा मेला. उजव्या अंगावर, तळाला, पर डोक्याखाली. पाणी कोमट. खडूची रेघ जागच्या जागी होती.

४

तिसरा मासा सोडला आणि दुसऱ्याच दिवशी रफिकनं भर दुपारी दुकानाची फळी लावली. मागच्या दारानं, चपला हातात घेऊन तो स्वतःच्याच घरात शिरला आणि पडद्याआड उभा राहिला. नजीरा धुणं घेऊन गेली होती. सलिमा डोळे मिटून पडली होती. अम्मा तिच्या उशाशी बसली होती, तांब्याचा गडू मांडीवर घेऊन.

अम्मानं पोरीला उठवून तीन घोट पाजले. पदरानं तिचं तोंड पुसलं. मग गुडघ्यावर हात देऊन उठली, टाकीपाशी गेली आणि गडूतलं उरलेलं पाणी हळू हळू आत ओतलं.

"अम्मा!"

म्हातारी दचकली नाही. "दुकान बंद केलंस व्हय रं?"

"टाकीत का वततीस?"

"मग कुठं वतू? ह्याच्यावर आयत म्हटलेली हाय. मोरीत वतलं तर गटारात जाणार, रस्त्यावर वतलं तर पायदळी येणार. कुणाचा पाय पडला तर गुन्हा माझ्या डोक्यावर. आपल्या दारात झाड न्हाय, जवळ हीर न्हाय. ह्या पाण्याला कुणाचा पाय लागत न्हाय, म्हणून वतती."

रफिक मटकन खाली बसला आणि हसायला लागला. हसता हसता त्याच्या डोळ्यांना पाणी आलं. तांब्याचा गडू! सकाळपासून दुपारपर्यंत पाणी तांब्यात राहणार आणि रोज टाकीत जाणार. जयसिंगपूरच्या केरबाला शहाणपण शिकवणाऱ्याच्या घरात तांब्यानंच मासे मरत होते. कोमट का, तर गडू अम्माच्या उबदार मांडीवर असतो. एवढ्याशा गडूनं अख्खी टाकी कशी तापेल, हा प्रश्न त्याच्या मनात आला होता. पण कारण सापडल्याच्या आनंदात त्यानं तो बाजूला सारला. संध्याकाळी तो गरम भजी घेऊन आला आणि पुडा नजीरापुढं ठेवून नुसता उभा राहिला. तिनं भजी घेतली आणि पाठ फिरवली.

"आता पोर बरी हाय," तो अम्माला म्हणाला. "पाणी बंद कर. डॉक्टरच्या गोळ्या हाईतच की."

अम्मानं एकदा टाकीकडं बघितलं, एकदा सलिमाकडं. मग बरं म्हणून मान हलवली.

५

मासा मजेत फिरू लागला. पाणी गार राहिलं. आणि तिसऱ्या दिवशी सलिमाला एकशे चार ताप आला. तिला माणसं ओळखू येईनात. ती तोंड उघडी आणि मिटी, आवाज फुटत नसे. डॉक्टर येऊन इंजेक्शन देऊन गेले आणि जाताना नजर चुकवून गेले.

"तुमीच बंद केलंसा," नजीरा म्हणाली. तेवढंच म्हणाली.

रफिकनं स्वतः अम्माला मौलवीसाहेबांकडे नेलं. या वेळी पाणी काचेच्या बाटलीत घेतलं, तांब्याला शिवूसुद्धा दिलं नाही. सलिमानं तीन घोट घेतले. अम्मा बाटली हातात धरून त्याच्याकडं बघत राहिली.

"वत," तो म्हणाला. "कुठं बी वत."

तिनं टाकीत ओतलं. दिवस मावळायच्या आत पोरीचं अंग गार झालं आणि तिनं भात मागितला. तीन दिवसांनी मासा मेला, तसाच.

मग त्यानं आपल्या धंद्याची रीत धरली. सकाळी आणलेलं पाणी, सलिमाच्या ओठाला लागायच्या आधीचं, त्यानं दुकानात नेऊन एका बरणीत ओतलं आणि तीत धडधाकट मासा सोडला. आठ दिवस झाले, मासा हुशारीनं फिरत होता. म्हणजे पाण्यात दोष नव्हता. आता दुसऱ्या बरणीत सलिमा प्यायल्यावर उरलेलं पाणी घालून बघायला हवं होतं. बरणी त्यानं घासून ठेवली. पण भरायला त्याचा हात धजला नाही.

तो मौलवीसाहेबांना भेटला. साधा, खोकणारा म्हातारा माणूस.

"अरे, रोज वीस-पंचवीस जणं बाटल्या घेऊन येतात," ते म्हणाले. "कुणाचं पोर रडतं, कुणाचं दुखतंय. दुवा करणं माझं काम, बरं करणं वरच्याचं. का रे? उतार पडला न्हाय काय?"

"पडला की," रफिक म्हणाला, आणि उठून त्यानं चपला पायांत सरकवल्या.

६

आता तो रोज दुपारी दुकान बंद करून घरी येऊ लागला. येताना पिशवीत मासा असे. आधी तो मलूल, विकला न जाणारा मासा उचली. तसले दोन एकेका दिवसात गेले, तेव्हापासून चांगले, ताजे, लाल भडक मासे उचलू लागला. पिशवीत मासा आपटे, त्याचा धक्का त्याच्या बोटांना कळे, आणि तो चालण्याचा वेग वाढवी. पहिला अकरा दिवस टिकला होता. दुसरा सहा, पुढचा पाणी पुन्हा सुरू झाल्यावर तीन. आता दुपारी सोडलेला मासा दुसरी सकाळ बघत नव्हता.

त्यानं कुणाला काही सांगितलं नाही. काय सांगणार? मासा का मेला हे विचारायला लोक त्याच्याकडं येत.

एका दुपारी खोलीत तो आणि सलिमा दोघंच होती. अम्मा पाणी ओतून नुकतीच आत गेली होती. सलिमा उजव्या कुशीवर झोपली होती. बाहेर कल्हईवाला ओरडत गेला आणि मग गल्ली एकदम शांत झाली. रफिकची नजर पोरीच्या बरगड्यांवरून सहज टाकीकडं गेली. मासा पाण्यात निश्चल उभा होता, तोंड तिच्याकडं करून. त्याचा कल्ला उघडत होता, मिटत होता. पोरीच्या बरगड्या वर येत होत्या, खाली जात होत्या. दोन्ही एकाच वेळी.

योगायोग असेल, असं त्यानं स्वतःला सांगितलं. त्यानं डोळे मिटून वीस आकडे मोजले आणि पुन्हा बघितलं. एकाच वेळी.

मग माशाचा कल्ला जोरात चालायला लागला. धाप लागल्यासारखा. आणि पोरीचा श्वास मात्र संथ होत गेला, खोल होत गेला. तिच्या कपाळावर घामाचे बारीक थेंब फुटले, ओठांना रंग आला. मासा एका अंगावर कलला. टाकीच्या काचेला आतून वाफ धरली. त्या वाफेवर, अगदी खालच्या कोपऱ्यात, काहीतरी टेकल्याची खूण उमटली, लहान पोरानं गाल टेकावा एवढी, आणि रफिक उठून बघेपर्यंत ती ओघळून गेली.

त्यानं टाकी उचलून रस्त्यावर फेकायला हवी होती. तसं त्याच्या मनातही आलं. पण सलिमानं डोळे उघडले आणि विचारलं, "अब्बा, भूक लागलीया. काय हाय?" तो धावत चुलीपाशी गेला. चुलीपाशी नजीरा नव्हती. त्यानं स्वतः भाकरी कुस्करून, दूध घालून आणली आणि ती खाताना तो तिच्याकडंच बघत राहिला, टाकीकडं नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं मोठ्यातला मोठा मासा नेला.

७

तो मोठा मासा मेला नाही.

एक दिवस गेला, दोन गेले. तिसऱ्या दिवशी रफिकनं भीत भीत पाण्यात हात घातला. पाणी थंडगार होतं, असायला हवं तसं. आणि सलिमाला ताप नव्हता! ती अंगणात उतरली. पाचव्या दिवशी शेजारणीच्या पोरींत दोरीवरच्या उड्या मारू लागली. रफिकला वाटलं, जे काय होतं ते टळलं. त्यानं पोरीला सायकलवर बसवून रंकाळ्याला नेलं, तिनं मागितले तेवढे शेंगदाणे दिले. घरी आल्यावर नजीरा त्याच्याशी कित्येक आठवड्यांनी हसून बोलली. "अम्मांस्नी जरा बरं न्हाय," ती बोलता बोलता म्हणाली. "थंडी बाधली असंल. दोन दिस पडूनच हाईत."

रफिक चहाचा कप खाली ठेवून अम्माच्या खोलीकडं गेला.

अम्माची खोली म्हणजे स्वयंपाकघरामागची एक पडवी. दुपारच्या उजेडात तिथं सगळं स्पष्ट दिसत होतं, काही लपलेलं नव्हतं. अम्मा उजव्या कुशीवर झोपली होती. गुडघे पोटाशी, उजवा हात गालाखाली. त्यानं कपाळाला हात लावला आणि झटका बसल्यासारखा मागं घेतला. उशाशी तांब्याचा गडू होता. अर्धा भरलेला.

"अम्मा, हे काय?"

तिनं डोळे उघडले. "लेकराचं उष्टं पाणी."

"टाकीत वतायचीस न्हवं?"

"मासं पुरंना झाल्यात रं," ती म्हणाली. "पहिल्यांदा बरं पुरत हुतं."

"म्हणजे तुला..."

"पहिल्याच माश्याला कळलं मला. तू धंदेवाला माणूस, तुला येळ लागला." ती थोडं हसली, मग धाप लागली म्हणून थांबली. "मी जरा जास्त पुरीन."

"मी उद्या शंभर मासं आणतो! सगळं दुकान आणतो. अम्मा, ऐक माझं."

"तू मोठा मासा आणलास त्या दिशी, तू यायच्या आधी, शेजारच्या पोराकडनं दोन मासं मागवून त्यांच्यावर वतून बघितलं. लगीच दोनी बी गेलं, आणि पोरगीचं अंग काय गार झालं न्हाय. तू दुकानात हुतास. मग मी पिलं, तवा गार झालं." तिनं त्याचं मनगट धरलं. हात निखाऱ्यासारखा होता. "नजीराला सांगू नगंस. ती हे उष्टं पाणी आपणच पील."

रफिक गडूकडं बघत राहिला. तो उचलायचा आणि मोरीत रिकामा करायचा, एवढंच काम होतं. ही त्याची आई होती. त्याच्या टाकीला काच कमी पडली तेव्हा बांगड्या काढून देणारी, त्याची दोन लेकरं गेली तेव्हा त्याला जेवू घालून मग स्वतः रडणारी. त्यानं हात पुढं केला आणि गडूच्या काठाला धरलं.

अंगणातून सलिमाचा आवाज आला. "अब्बा, भाईर या की! बघा, न थांबता किती झाल्या!" दोरी फरशीवर आपटत होती आणि पोरी मोठ्यानं आकडे मोजत होत्या. पंचवीस. सव्वीस. सत्तावीस.

अठ्ठावीसला दोरी थांबली. सलिमा खोकली. एकदाच, बारीक.

अम्मानंही ते ऐकलं होतं. ती त्याच्याकडं बघत होती, तोंड थोडं उघडं ठेवून. तिनं पाणी मागितलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं. तिनं नको म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण तिनं सगळं त्याच्यावर सोडलं होतं, आणि आपण काय करणार हे कळून त्याला स्वतःची शिसारी आली.

त्यानं आईच्या मानेखाली हात घातला, तिला जरा उठवलं आणि गडू तिच्या ओठाला लावला.